बाटली नको, माणूस आणा

आमच्या दवाखान्यात मी डॉक्टर म्हणून पहिल्यांदा बसले तेव्हा मला माणसं कमी आणि बाटल्या जास्त भेटल्या. खोटं नाही सांगत. सकाळी दार उघडलं की ओट्यावर बाटल्यांची रांग उभी असायची. चपट्या, उभट, हिरव्या, कुठं बुचाऐवजी कापसाचा बोळा, कुठं कागदाची गुंडाळी. प्रत्येकीच्या गळ्यात दोरा. लाल दोरा म्हणजे खोकला, पांढरा म्हणजे पोट, काळा म्हणजे सांधे. ही सगळी व्यवस्था आमच्या कंपाउंडरनं लावलेली होती आणि आसपासच्या गावांना ती तोंडपाठ होती. पाठ नव्हती ती मला एकटीला.

दवाखाना कोल्हापुरात, गंगावेशीजवळ. खाली दवाखाना, वर आमचं घर, मधे उभा लाकडी जिना. माझे सासरे, म्हणजे आमचे मामंजी, यांनी तो तरुणपणी सुरू केला आणि नावारूपाला आणला. पद्धत अशी, की पेशंटनं एकदा येऊन मामंजींना दाखवायचं. त्यानंतर तो घरी आणि बाटली प्रवासाला. कोडोलीच्या बाटल्या एसटीच्या कंडक्टरबरोबर यायच्या. जोतिबाच्या डोंगरावरचा नारळवाला माल न्यायला शहरात उतरला की त्याच्या पिशवीत दोन-चार असायच्याच. कसबा बावड्याच्या बाटल्या तिथला एक दूधवाला सायकलीला किटल्यांच्या मधे अडकवून आणायचा. कंपाउंडर दोरा बघून त्या भरायचा, डोस कळावा म्हणून बाटलीला कागदाची कातरलेली पट्टी चिकटवायचा, आणि दुपारपर्यंत सगळ्या आपापल्या गावी परत. मामंजींना यात काही वावगं वाटत नव्हतं. लोकांची गैरसोय टळते, एवढंच त्यांना दिसायचं.

सत्तरचं दशक नुकतं लागलं होतं. मामंजींचा उजवा हात थरथरायला लागला. एकदा तालमीतल्या एका पैलवानाला इंजेक्शन देताना सुई काही केल्या आत जाईना. पैलवान म्हणाला, "डाक्टर, टोचा की एकदाचं! गुदगुल्या कशापायी करताय?" बाकावरची सगळी माणसं हसली. मामंजीही हसले, पण दुपारी जेवताना मला म्हणाले, "सूनबाई, उद्यापासून तू बस खाली."

मी एमबीबीएस होते, तीही चांगल्या मार्कांनी. लग्न होऊन या घरात आल्यापासून याच वाक्याची वाट बघत होते, त्यामुळं आढेवेढे घेतले नाहीत. माझं माहेर कोल्हापूरचंच, आवाज मोठा आणि राग नाकावर. दुसऱ्या दिवशी आठ वाजता खुर्चीत.

पेशंट आत डोकवायचा. "डाक्टर कुठं हायत?"

"मीच डॉक्टर."

"तुमी व्हय? बरं बरं. पर डाक्टर कुठं हायत?"

असे किती आले आणि किती गेले! मी हटले नाही. बसा म्हटलं, जीभ दाखवा म्हटलं. काही बसले, काहींनी चपला घातल्या.

गणपती उठले होते त्या सुमाराची गोष्ट. एक दिवस मी कंपाउंडरच्या खोलीत गेले. तो बावड्याच्या बाटल्या भरत होता आणि दूधवाला दारात उभा होता. एका चपट्या बाटलीला लाल दोरा होता. ती दर आठवड्याला यायची आणि दर आठवड्याला त्याच गोड, ज्येष्ठमधाच्या औषधानं भरून जायची. मी विचारलं, "ही कुणाची?"

दूधवाला म्हणाला, "आमच्या आळीतल्या म्हाताऱ्यांची."

"इतक्या दिवसांत खोकला जात नाही म्हणजे काय? त्यांना एकदा घेऊन या. छाती तपासते."

"त्यास्नी कसं आणायचं, बाई? ते गेलं की श्रावणात."

मला वाटलं आपण ऐकण्यात चुकलो. "गेले म्हणजे?"

"वारलं की वो!"

"मग हे औषध कोण पितंय?"

"घरात हाय की सगळी. पोरंबी पित्यात, म्हातारीबी पितीया. लई ग्वाड लागतंय म्हणत्यात. बाटली तर येतीयाच, मग रिकामी कशाला ठेवायची?"

आणि हे सांगताना तो इतका निवांत होता, की जणू मीच खुळ्यागत काहीतरी विचारलं होतं. कंपाउंडरनं तोपर्यंत बुचही लावून टाकलं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेलेल्या माणसाला आम्ही महिना-दीड महिना खोकल्याचं औषध देत होतो! मी ती बाटली उचलली आणि मोरीत उपडी केली.

"उद्यापासून एकही बाटली भरायची नाही," मी म्हणाले. "ज्याला औषध पाहिजे त्यानं स्वतःच्या पायानं यायचं, माझ्यासमोरच्या स्टुलावर बसायचं आणि मला सांगायचं काय होतंय ते."

कंपाउंडर माणूस सोन्यासारखा, पण हट्टाला माझ्याइतकाच पक्का. मामंजींच्या हाताखाली त्याचे केस पांढरे झाले होते. तो शांतपणे म्हणाला, "बाईसाहेब, बाटली बंद म्हंजे दवाखाना बंद."

"मग बंद!"

त्यानं भिंतीवरची टोपी घेतली, जिना चढून मामंजींच्या पाया पडला आणि गेला. पुढं कोडोलीला, त्याच्या गावी, त्यानं औषधांचं दुकान काढलं आणि ते उत्तम चाललं. आमचं मात्र मुळीच चाललं नाही. आठवड्याभरात बाक रिकामं झालं.

मामंजींनी मला वर बोलावलं. ते आरामखुर्चीत बसले होते आणि आवाज चढवायचा नाही असं ठरवून बोलत होते, हे मला कळत होतं. "कोडोलीच्या बाईनं शेतातली भांगलण टाकून, लेकरू काखेत मारून एवढ्याशा औषधासाठी एसटीनं यायचं काय? तिचा दिवस बुडतो, सूनबाई."

"तिला काय झालंय ते तरी कळेल."

"मला कळत नव्हतं?"

मी तोंड उघडणार तोच त्यांनी हात वर केला. गप्प बसणं मला फारसं येत नाही, ते त्यांनाही ठाऊक होतं.

"दसऱ्यापर्यंत बघतो," ते म्हणाले. "बाक भरलं तर खुर्ची तुझी. नाही भरलं तर दसऱ्याच्या मुहूर्तावर दवाखाना माझ्या मित्राच्या डॉक्टर मुलाला देणार. तो तयार आहे. बाटल्याही चालू ठेवतो म्हणालाय."

"आणि मी काय करायचं?"

"तू घर सांभाळ की. शिकलीस ते काही वाया जात नाही."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रात्रंदिवस अभ्यास करून, मुडदे फाडून डॉक्टर झाले ती काय घरात कांदे चिरायला? नवरा कॉलेजात शिकवायचा. स्वभावानं फार चांगला, म्हणजे माझंही खरं म्हणायचा आणि वडिलांचंही. त्याच्याकडून काही होणार नव्हतं. दसऱ्याला महिनाही उरला नव्हता.

मी कामाला लागले. कंपाउंडरच्या जागी निपाणीकडची एक नर्स ठेवली. सुईणीचं रीतसर शिक्षण घेतलेली, आडव्या बांध्याची, आवाज माझ्याहून मोठा. सगळे तिला अक्का म्हणायचे. आधी लोक खिडकीशी झोंबायचे, ज्याचा आवाज मोठा तो पहिला. अक्कानं पत्र्याचे नंबराचे बिल्ले करून आणले आणि दारात बसून वाटायला लागली. कंपाउंडरच्या खोलीला पडदा लावून तिथं तपासायचं टेबल टाकलं. दुपारची वेळ फक्त बायकांची ठेवली, कारण बाजारात भाजी, दही विकून झालं की गावाकडची गाडी मिळेपर्यंत बायका झाडाखाली बसून असतात, हे मी लहानपणापासून बघत आले होते. अक्का सरळ मंडईत गेली आणि ओरडून सांगून आली, "दुपारच्याला बाईमाणूस तपासाय बाईमाणूसच हाय! गडी कोण न्हाय! या!"

पहिले काही दिवस आम्ही दोघी माशा मारत बसलो. एकदा तो मित्राचा मुलगा येऊन दारावर त्याच्या पाटीचं माप घेऊन गेला. फूटपट्टी धरायला त्यानं अक्कालाच सांगितलं. मी आतून म्हणाले, "माप घ्या हवं तर, पण रंग आणू नका एवढ्यात." तो हसला. मी हसले नव्हते.

मग एक भाजीवाली आली. पुढच्या दिवशी ती जावेला घेऊन आली. पडद्याआड बसली आणि बराच वेळ पदराचं टोक पिळत राहिली. शेवटी म्हणाली, जावेच्या अंगावरून जातंय, पाऊस लागायच्या आधीपास्नं. मी म्हटलं, अगं मग इतके दिवस काय करत होता? ती म्हणाली, "बाटली पाठवत हुतो की. शक्तीचं औषध म्हणून. दूधवाल्या बाप्याच्या हाती ह्ये कसं सांगून पाठवायचं वो, बाई?"

त्या दिवसापासून मला खात्रीच पटली. दसऱ्याला काय व्हायचं ते होऊ दे, बाटली मी भरणार नव्हते. पण दुपारच्या चार बायकांनी बाक भरत नाही, हेही दिसत होतं. मामंजी रोज संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहून खाली नजर टाकायचे आणि आत जायचे.

खंडेनवमी उजाडली. आमच्याकडं त्या दिवशी हत्यारांची पूजा. शेतकऱ्याची विळाकोयती, तशी आमची स्टेथोस्कोप, चिमटे, काचेची सिरिंज. सासूबाईंनी सकाळीच माझाही स्टेथोस्कोप नेऊन देव्हाऱ्यापुढं मामंजींच्या स्टेथोस्कोपशेजारी मांडला, हळदकुंकू वाहिलं. एकदा पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याआधी उचलायचं नाही, असा घरचा दंडक. तरीही मी दवाखाना उघडला. दुखणं काही सण बघून येत नाही. बाकावर तीन-चार बायका होत्या.

आणि सासूबाई जिना उतरून खाली आल्या. त्या सहसा दवाखान्यात पाऊल टाकत नसत. पदराखालून त्यांनी एक बाटली काढून माझ्या टेबलावर ठेवली. तिच्या गळ्यात पांढरा दोरा होता.

"यांचं नेहमीचं," त्या हळूच म्हणाल्या. "गॅसचं. कंपाउंडर जाताना जास्तीचं करून देऊन गेला होता, ते संपलं. तेवढं भरून दे गं."

मला पत्ताच नव्हता. त्या बाटल्यांच्या रांगेत एक बाटली आमच्याच घरची होती आणि ती किती वर्षं भरली जात होती कोण जाणे! मी विचारलं, "काय होतंय त्यांना?"

"गॅस धरतो म्हणतात. छातीत."

"कधी धरतो?"

"ते मला नाही सांगत."

अक्का माझ्या कानाशी आली. "अय्यव्वा, बाई, भरा गुमान! उद्याच दसरा हाय. आज म्हाताऱ्यास्नी दुखवून कसं चालंल?" ती बोलत होती ते अगदी खरं होतं. खायचा सोडा आणि पेपरमिंटचं पाणी, त्यानं कुणाचं वाईट होणार नव्हतं. बाटली भरली असती तर कदाचित खुर्चीही राहिली असती. माझा हात बाटलीकडं गेलाही.

मग मला बावड्याची ती चपटी बाटली आठवली. मी रिकामी बाटली सासूबाईंच्या हातात परत दिली. "त्यांना म्हणावं, पेशंट बघितल्याशिवाय औषध नाही. खाली या."

सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. त्या बाटली पदराखाली घेऊन वर गेल्या. मी पुढच्या बाईची जीभ बघत होते, पण दिसत काही नव्हतं. सगळा जीव जिन्याकडं लागला होता. मग पायऱ्या वाजल्या. दोन पायऱ्या, थांबणं. परत दोन पायऱ्या, परत थांबणं. उतरताना सुद्धा थांबत होते ते. तेव्हाच मला शंका आली.

मामंजी दारातून आले. पांढरा सदरा, हातात स्वतःचा स्टेथोस्कोप, पूजेतून उचललेला, हळदकुंकवानं माखलेला. बाकावरच्या बायका धडपडून उभ्या राहिल्या. "बसा, बसा," म्हणाले, आणि अक्कापुढं हात केला. "मला बिल्ला द्या."

अक्कानं बिल्ला दिला. ते बायकांच्या शेजारी बाकावर टेकले आणि नंबर येईपर्यंत बसून राहिले. मी त्यांना आधी बोलवायला हवं होतं काय? बोलवलं असतं तर ते आले नसते, एवढं मी त्यांना ओळखून होते.

नंबर आला. ते आत येऊन स्टुलावर बसले आणि दचकून टेबल धरलं. "हे डुगडुगतंय की!"

"पहिल्यापासून डुगडुगतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तुम्ही कधी बसला नव्हता त्यावर."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. स्टेथोस्कोप टेबलावर ठेवला. "तुझा वर पूजेत आहे. हा वापर."

मी विचारत गेले, ते सांगत गेले. आधी गॅस म्हणाले. मग म्हणाले, जिना चढताना धरतं. कुठं? छातीच्या मधोमध. हात? हो, डावा हातही जड होतो. थांबलं की? थांबलं की जातं. हल्ली उतरतानाही होतं. हे सांगता सांगता त्यांचं बोलणं हळू हळू होत गेलं. प्रश्न मी विचारत होते, पण उत्तर त्यांना माझ्याआधी कळलं होतं. शेवटी डॉक्टर होते ते.

सदऱ्यावरूनच मी छातीला स्टेथोस्कोप लावला. हळदीचा एक गोल पिवळा डाग उमटला.

"सूनबाई," ते म्हणाले, "दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं तर मी लगेच हृदय म्हणालो असतो. समोर बसून सांगितलं असतं तर." मग म्हणाले, "बाटलीवाल्या किती जणांच्या छातीला मी गॅस म्हणालो असेन?"

मला फार वाईट वाटलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाचं वाईट चिंतलं नव्हतं. पण खोटा दिलासा मला देता येत नाही आणि त्यांना तो चाललाही नसता.

"ते मोजत बसू नका आत्ता," मी म्हणाले. "बाही वर करा. प्रेशर बघते."

त्यांनी निमूट बाही वर केली.

प्रेशर पाहिलं, जिभेखाली धरायला गोळी दिली, नवऱ्याला रिक्षा आणायला पिटाळलं. मोठ्या इस्पितळात जाऊन आजच कार्डिओग्राम काढायचा, आणि तोवर जिना एक पायरीही चढायचा नाही, असं बजावलं. वर जाता येईना म्हणून मामंजी बाहेर बाकावर जाऊन बसले. आणि नेमका तेव्हाच दूधवाला आला. मामंजी खाली आलेले बघून त्याचा चेहरा असा खुलला! सायकल टेकवली आणि धावत जाऊन दोन्ही हातांत मावतील तेवढ्या बाटल्या घेऊन आला.

"डाक्टर, बरं झालं भेटला! ह्या बाई काय ऐकंनात. आता तुमीच सांगा की भरायला."

मामंजींनी त्याच्याकडं बघितलं. सदऱ्यावर हळदीचा डाग तसाच होता. "अरं खुळ्या," ते म्हणाले, "माझीच बाटली रिकामी परत पाठवली तिनं, तुझी कुठली भरतीया! बाटली नको आणू. माणूस आण."

"माणूस?"

"व्हय. जित्तं माणूस!"

अक्का तोंडाला पदर लावून हसली. रिक्षा आली. मामंजी उठले, दाराशी थांबले आणि मागं वळून म्हणाले, "आणि सुताराला सांगून त्या स्टुलाचा पाय नीट करून घे. पेशंट पडंल एखादा."

दसऱ्याला तो मित्राचा मुलगा सोनं द्यायला आला. मामंजी तेव्हा खालीच, कंपाउंडरच्या खोलीत खाटेवर पडून होते. कार्डिओग्राममध्ये हृदयच निघालं होतं; जिना बंद, हे मीच लिहून दिलेलं. त्यांनी त्याला आपट्याचं पान दिलं, चहा पाजला आणि पाटी दुसरीकडं लाव म्हणाले.

दूधवाला मात्र दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. सायकलीला किटल्या नव्हत्या. कॅरिअरवर त्याची बायको बसली होती, दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून. इतके दिवस काळ्या दोऱ्याची बाटली हिचीच यायची. ती स्टुलावर बसली. मी विचारलं, "काय होतंय?" तर दूधवालाच सांगायला लागला, गुडघं दुखत्यात, पायऱ्या चढवत न्हाईत.

पडद्यापलीकडून मामंजींचा आवाज आला, "अरं, तू भाईर बस! तिला बोलू दे की!"

तो बाहेर गेला. त्याच्या बायकोनं एकदा दाराकडं बघितलं, स्टूल जरा पुढं ओढलं आणि बोलायला लागली.